डिस्क भरलेल्या संगणकावर अडलेले अपडेट : एका डीटीपी केंद्राचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि फ्लेक्स यांची कामे करणारे एक डीटीपी केंद्र आहे. तेथील मुख्य संगणकावर कित्येक महिने विंडोजचे अपडेट बसत नव्हते. जानेवारी २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात मी तो तपासायला घेतला. पौष लागलेला असल्यामुळे पत्रिकांचे काम थंडावले होते आणि म्हणूनच मालकांनी तो दोन दिवस माझ्या हाती सोपवला. माघ लागल्यावर तो एक तासही मोकळा मिळाला नसता.

संगणक असेंबल केलेला होता. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती. दोन वर्षांपूर्वी जुन्या ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवरील विंडोज क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी उचलून, १२० जीबीच्या एसएसडीवर घेतली होती आणि ती जुनी हार्ड डिस्क डी ड्राइव्ह म्हणून आतच ठेवली होती. एसएसडीच्या वेष्टनावरील १२० जीबी हा आकडा हजाराच्या पटीत मोजलेला असतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे प्रत्यक्षात १११.८ जीबी दिसतात. त्यातून लहान पार्टिशने, म्हणजे डिस्कचे वेगळे राखलेले भाग, वजा जाता सी ड्राइव्हला १११.१ जीबी उरले होते. त्यांपैकी मोकळी जागा १.९ जीबी होती.

प्रत्येक वेळी घडत होते ते असे. अपडेट इंटरनेटवरून उतरत असे, इन्स्टॉल होण्याची टक्केवारी बरीच पुढे जात असे आणि मग ०एक्स८००७००७० हा क्रमांक दाखवून काम थांबत असे. या क्रमांकाचा अर्थ ठरलेला आहे. त्यातील ८००७ हा भाग चूक विंडोजच्या मूळ चूक-यादीतील आहे एवढेच सांगतो. शेवटचे ७० हे सोळाच्या पायातील असून दशमान पद्धतीत ते ११२ होतात आणि त्या यादीत ११२ म्हणजे डिस्कवर पुरेशी जागा नाही. त्यामुळे निदानाबद्दल शंका नव्हती. शंका होती ती केंद्रात टायपिंग करणाऱ्या ताईंच्या मनात, आणि ती रास्त होती. त्या म्हणाल्या, “दादा, अपडेट एक जीबीचंसुद्धा नाही आणि इथं जवळजवळ दोन जीबी मोकळे दिसतायत. मग जागा कमी कशी पडते?”

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे कोणतेही पाऊल योग्य पडत नाही. उतरलेले अपडेट प्रथम विंडोजच्या सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन या फोल्डरमध्ये साठते. मग ते उलगडले जाते, म्हणजे दाबून भरलेल्या फाइली पूर्ण आकाराच्या होतात. त्या नव्या फाइली विन-एसएक्सएस या कोठारात जुन्या फाइलींच्या शेजारी ठेवल्या जातात आणि जुन्या लगेच काढल्या जात नाहीत, कारण अपडेट बिघडले तर मागे परतायची वाट शिल्लक राहावी लागते. याच वेळी नोंदींच्या फाइली वाढत असतात आणि रॅम कमी पडली तर तिची भर काढणारी डिस्कवरील पेजफाइलही फुगते. म्हणजे काही मिनिटांपुरती लागणारी जागा ही उतरलेल्या अपडेटच्या कित्येक पट असते. त्या क्षणी डिस्क भरते, विंडोज केलेले सगळे परत फिरवते, आणि आपण पाहायला जाईपर्यंत ती जागा पुन्हा मोकळी झालेली असते. ताईंना दिसणारे १.९ जीबी खरेच होते. फक्त ते अपडेट अडले त्या क्षणाचे नव्हते.

माझ्या आधी मालकांच्या पुतण्याने प्रयत्न केला होता. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे त्याने सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन हे आख्खे फोल्डर पुसले. हा उपाय चुकीचा नाही, पण तो अर्धवट उतरलेल्या किंवा बिघडलेल्या डाउनलोडसाठी आहे. येथे जागाच नव्हती, त्यामुळे तेच अपडेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुन्हा उतरले आणि त्याच ठिकाणी अडले. शिवाय अपडेटच्या इतिहासाची नोंद त्याच फोल्डरमध्ये असल्यामुळे सेटिंग्जमधील इतिहासाचे पान कोरे झाले आणि शेवटचे अपडेट कधी बसले होते, हे तेथून कळेना. ते मी विनव्हर ही कमांड देऊन बिल्ड क्रमांकावरून, म्हणजे विंडोजच्या नेमक्या आवृत्तीच्या क्रमांकावरून, काढले. पडद्यावर १९०४५.३४४८ हा क्रमांक आला, जो सप्टेंबर २०२३ च्या मासिक अपडेटचा आहे. गणपतीनंतर दिवाळी अंकांच्या जाहिराती, मग दिवाळीची भेटकार्डे, मग तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका, असा कामाचा ओघ सुरू झाला तेव्हाच डिस्क भरत गेली होती, हे त्यावरून लक्षात आले.

काहीही पुसण्यापूर्वी जागा कोठे गेली आहे ते मोजले. हे काम प्रशासकाच्या अधिकाराने करावे लागते, नाहीतर काही फोल्डर मोजणीतून गळतात आणि बेरीज जुळत नाही. वापरलेल्या १०९.२ जीबींचा हिशेब असा लागला : विंडोजचे फोल्डर २९, दोन्ही प्रोग्राम फोल्डर मिळून १५.५, हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर राखून संगणक बंद करण्याच्या सोयीची) फाइल ३.२ आणि पेजफाइल ४.८, सिस्टिम रिस्टोअरच्या (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्यासाठी राखलेल्या) प्रती ५.२, वापरकर्त्याचे फोल्डर ४९.५, आणि इतर किरकोळ २ जीबी. विंडोजच्या फोल्डरबाबत एक खुलासा आवश्यक आहे. एक्सप्लोरर त्याचा आकार ३४ जीबी दाखवत होता, कारण विन-एसएक्सएसमधील अनेक फाइली हार्ड लिंकने इतर फोल्डरांतही दिसतात. फाइल डिस्कवर एकच असते, पण नावे दोन असल्याने ती दोनदा मोजली जाते. हा फुगवलेला आकडा पाहून अनेक जण विन-एसएक्सएस हाताने पुसायला जातात आणि विंडोज कायमची मोडून बसतात.

विंडोजच्या फोल्डरमध्ये मात्र एक गोष्ट खरोखरच अनाठायी होती. सिस्टिम-३२ मधील स्पूल, आणि त्यातील प्रिंटर्स या फोल्डरमध्ये ३.६ जीबी अडकले होते. प्रिंटरकडे पाठवलेले प्रत्येक काम आधी येथे लिहिले जाते आणि छापून झाले की आपोआप पुसले जाते. येथे मात्र नोव्हेंबरपासूनची कामे तशीच पडून होती. प्रिंटर अडकला असेल असे प्रथम वाटले, पण तो व्यवस्थित छापत होता. शेवटी प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमधील ॲडव्हान्स्ड या भागात उत्तर सापडले. तेथे ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ या पर्यायापुढे खूण केलेली होती. छापलेले काम सांभाळून ठेव, असा स्पष्ट आदेश संगणकाला कोणीतरी दिला होता आणि तो इमानाने पाळत होता. ताईंना आठवले, की एका सहकारी संस्थेचा अहवाल तीनदा छापावा लागला तेव्हा पुन्हा पाठवण्याचा त्रास वाचावा म्हणून त्यांनीच ती खूण केली होती. ती काढली, प्रिंट स्पूलर ही सर्व्हिस थांबवली, त्या फोल्डरमधील फाइली पुसल्या आणि सर्व्हिस पुन्हा सुरू केली. नुसते फोल्डर रिकामे करून मी उठलो असतो, तर उन्हाळ्यातल्या लग्नसराईपर्यंत ते पुन्हा भरले असते.

वापरकर्त्याच्या फोल्डरमधील ४९.५ जीबींत डेस्कटॉप २७, डाउनलोड्स ९ आणि ॲपडेटा ११ जीबींचे होते. ॲपडेटामधील टेम्प या एकाच फोल्डरने ६ जीबी घेतले होते. कोरलड्रॉ मध्येच बंद पडला किंवा वीज गेली, की त्याच्या तात्पुरत्या फाइली तेथे मागे राहतात आणि त्यांना कोणी वाली नसतो. सगळे प्रोग्राम बंद करून, संगणक रीस्टार्ट करून मगच हे फोल्डर साफ केले, ५.४ जीबी मिळाले आणि उरलेल्या फाइली वापरात असल्याने राहू दिल्या.

डेस्कटॉपवर मात्र घाई करून चालणार नव्हते. तेथे गिऱ्हाइकांची कामे होती आणि जवळजवळ प्रत्येक कामाशेजारी ‘बॅकअप ऑफ’ या शब्दांनी सुरू होणारी दुसरी फाइल होती. कोरलड्रॉमध्ये फाइल सेव्ह केली, की आधीची अवस्था या नावाने त्याच फोल्डरमध्ये राखली जाते. अशा फाइलींनी ७.५ जीबी व्यापले होते. जागा करायची तर हा सर्वांत सोपा बळी, असे कोणालाही वाटेल. मालकही म्हणाले, “ह्या सगळ्या डबल आहेत, उडवून टाका.” मी पुसण्याआधी यादी आकाराप्रमाणे लावली आणि सर्वांत लहान फाइली वर आणल्या. सात मूळ फाइलींचा आकार शून्य केबी होता. डिस्क काठोकाठ भरलेली असताना त्या सेव्ह झाल्या होत्या. फाइलीचे नाव तयार झाले, पण आत लिहायला जागाच उरली नव्हती. त्यांतली एक डिसेंबरमधील लग्नपत्रिका होती. ती उघडत नाही म्हणून ताईंनी ती पूर्ण पत्रिका, आहेर-स्नेहभोजनाच्या ओळींपासून दोन्ही घराण्यांच्या आप्तेष्टांच्या नावांपर्यंत, रात्री बसून पुन्हा टाइप केली होती. तिची ‘बॅकअप ऑफ’ फाइल शेजारीच होती आणि ती पहिल्या झटक्यात उघडली. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सातांपैकी सहा कामे या बॅकअपमधून परत मिळाली. भरलेल्या डिस्कमुळे अपडेट अडणे ही त्या केंद्राची अडचण होती हे खरे, पण नुकसान होत होते ते या शून्य केबीच्या फाइलींत, आणि ते अपडेटच्या कोणत्याही संदेशात दिसत नव्हते.

म्हणून बॅकअपच्या फाइली पुसल्या नाहीत. २०२२ पर्यंतची सगळी कामे त्यांच्या बॅकअपसह डी ड्राइव्हवर नेली. नेताना कट-पेस्ट केले नाही. आधी कॉपी केली, दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहिला, काही फाइली प्रत्यक्ष उघडल्या, आणि त्यानंतरच सी ड्राइव्हवरील प्रती काढल्या. जुन्या हार्ड डिस्कचे वय पाहता तिच्यावर एकटीवर विसंबणे धोक्याचे असल्याने हीच कामे मालकांच्या बाहेरच्या डिस्कवरही उतरवून ठेवली. यात सर्वाधिक वेळ गेला आणि सर्वाधिक जागाही यातूनच मिळाली, १९ जीबी.

हायबरनेशन या केंद्रात कोणी वापरत नव्हते. त्याची फाइल विंडोज १० मध्ये सर्वसाधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते, ८ जीबीला ३.२, आणि मोजणीतही तेवढीच निघाली होती. पॉवर-सीएफजीच्या कमांडने ते बंद केले. त्याबरोबर फास्ट स्टार्टअप, म्हणजे बंद करताना विंडोजचा गाभा डिस्कवर राखून पुढच्या वेळी लवकर सुरू करण्याची सोय, हेही बंद होते. एसएसडीवर त्याने सुरू होण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही आणि ‘शटडाउन’ हे खरोखरीचे शटडाउन होते, हा एक लाभच झाला. मग डिझम या विंडोजच्याच साधनाने विन-एसएक्सएसचे विश्लेषण केले. सफाई करणे योग्य ठरेल असा कौल आल्यावर त्याच साधनाने जुने घटक काढले आणि २.२ जीबी मोकळे झाले. याच कमांडला रीसेट-बेस हा पर्याय जोडला तर आणखी जागा मिळते, पण त्यानंतर आधी बसलेली अपडेट काढून टाकता येत नाहीत. महिनोन्‌महिने अडलेल्या संगणकावर अपडेट बसवण्याच्या तोंडावर मागे परतायची सोय स्वतःहून मोडणे मला पटले नाही. त्याच कारणाने सिस्टिम रिस्टोअरच्या ५.२ जीबींनाही हात लावला नाही. विंडोजच्या फाइली दाबून ठेवणारा कॉम्पॅक्ट-ओएस हा मार्गही उपलब्ध होता आणि ३२ जीबीच्या लॅपटॉपवर कधी कधी तोच एक उरतो. येथे त्याची गरज पडली नाही. विंडोजच्या फोल्डरमधील इन्स्टॉलर या फोल्डरविषयी मात्र सांगितले पाहिजे, की तेथील फाइली निरुपयोगी वाटल्या तरी बसवलेले प्रोग्राम दुरुस्त करताना किंवा काढताना त्याच लागतात. तो पुसण्याचा सल्ला जो देईल त्याचे ऐकू नये.

एवढे झाल्यावर सी ड्राइव्हवर ३५.३ जीबी मोकळे झाले. त्यानंतर अपडेटच्या सर्व्हिस थांबवून फक्त डाउनलोडचे उपफोल्डर रिकामे केले, आणि सतत अर्धवट अडलेल्या अपडेटमुळे विंडोजच्या फाइली बिघडल्या नाहीत ना, हे डिझम आणि एसएफसी या विंडोजच्याच दोन्ही साधनांनी तपासले. बिघाड निघाला नाही. ९ जानेवारी २०२४ चे मासिक अपडेट (मायक्रोसॉफ्टने दिलेला त्याचा क्रमांक केबी५०३४१२२) त्या संध्याकाळी बसले आणि बिल्ड क्रमांक १९०४५.३९३० झाला. मासिक अपडेटमध्ये आधीच्या महिन्यांचे बदल समाविष्ट असल्याने मधले तीन महिने स्वतंत्रपणे बसवावे लागले नाहीत.

काम संपले असे वाटत असतानाच त्याच पानावर दुसरे अपडेट लाल अक्षरांत अडले. केबी५०३४४४१, चूक ०एक्स८००७०६४३. ताईंनी विचारले, “आता तर पस्तीस जीबी आहेत ना?”

हा क्रमांक जागेविषयी काहीच बोलत नाही. त्यातील ६४३ म्हणजे दशमानात १६०३ आणि त्याचा अर्थ इतकाच, की इन्स्टॉल करणे फसले. पण या अपडेटपुरती खरी अडचण जागेचीच होती, आणि सूचनेत चुकीचा क्रमांक दिसतो हे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले होते. जागा हवी होती ती सी ड्राइव्हवर नव्हे, तर रिकव्हरी पार्टिशनमध्ये. विंडोज सुरूच होईनाशी झाली की दुरुस्तीसाठी जी छोटी विंडोज उघडते, ती या पार्टिशनमध्ये राहते. त्याला ड्राइव्हचे अक्षर नसते, त्यामुळे ते एक्सप्लोररमध्ये दिसत नाही आणि ते भरले आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कमध्ये या दुरुस्तीच्या वाटेने शिरता येईल अशी त्रुटी सापडली होती. तिच्यासाठीचे हे अपडेट बसायला त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे लागत होते. येथे पार्टिशनच ५०५ एमबीचे होते आणि त्यात जेमतेम ५० एमबी रिकामे होते. क्लोन करताना जुन्या डिस्कवरील पार्टिशन त्याच आकारात उचलले गेले होते.

येथे थांबून विचार करावा लागला. या संगणकावर बिटलॉकर वापरात नव्हता, म्हणजे ज्या धोक्यासाठी हे अपडेट आहे तो धोका येथे जवळजवळ नव्हताच. उलट चालू डिस्कची पार्टिशने हलवणे हे या प्रकरणातील सर्वांत जोखमीचे काम होते. ते अपडेट लपवून ठेवणे हा समर्थनीय पर्याय होता आणि गिऱ्हाइकांच्या कामांची प्रत बाहेर घेतलेली नसती, तर मी तोच निवडला असता. पण प्रत हाताशी होती. दुसरे असे, की रोज लाल अक्षरे दिसत राहिली तर ताई अपडेटच्या सगळ्याच सूचनांकडे दुर्लक्ष करणार, हे उघड होते. आधीही त्यांनी अपडेट ३५ दिवसांसाठी थांबवायचा पर्याय पुन्हा पुन्हा वापरला होता. आणि जवळचा दुरुस्ती करणारा तीस किलोमीटरवर असताना दुरुस्तीची ती छोटी विंडोज धडधाकट असणे या केंद्राला फार उपयोगाचे होते.

रीएजंट-सी या रिकव्हरीसाठीच्या साधनाच्या माहितीवरून रिकव्हरी पार्टिशन कोणते आहे आणि ते सी ड्राइव्हच्या लगेच नंतर आहे, याची खात्री करून घेतली. ते सी ड्राइव्हच्या आधी असते, तर पद्धत बदलावी लागली असती. मग त्याच साधनाने रिकव्हरी बंद केली, त्यामुळे तिची मूळ फाइल सी ड्राइव्हवर परत आली. डिस्कपार्ट या पार्टिशने बदलण्याच्या साधनात सी ड्राइव्ह ५०० एमबीने आकसला. मायक्रोसॉफ्टने २५० सांगितले होते, पण पुढे पुन्हा हीच वेळ येऊ नये म्हणून दुप्पट घेतले. जुने रिकव्हरी पार्टिशन काढले, दोन्ही जागा मिळून सुमारे एक जीबीचे नवे केले, जीपीटी (पार्टिशनांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) डिस्कसाठी ठरलेला त्याचा प्रकार-क्रमांक एकेक अक्षर ताडून घातला आणि रिकव्हरी पुन्हा सुरू केली. डिस्कपार्ट पुसण्यापूर्वी खात्री विचारत नाही, म्हणून प्रत्येक कमांडच्या आधी कोणते पार्टिशन निवडलेले आहे ते मी मोठ्याने वाचले आणि ताईंनी कागदावरील आकाराशी ताडले. संगणक रीस्टार्ट झाला, दुरुस्तीचा निळा पडदा एकदा उघडून पाहिला, आणि त्यानंतर ते अपडेट काही मिनिटांत बसले.

फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा गेलो, तेव्हा १३ फेब्रुवारीचे मासिक अपडेट आपोआप बसलेले होते, स्पूलचे फोल्डर रिकामे होते आणि सी ड्राइव्हवर ३१ जीबी मोकळे होते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ताई पूर्ण झालेली कामे दोन्ही डिस्कवर उतरवतात आणि त्याआधी यादी आकाराप्रमाणे लावून शून्य केबीची फाइल आहे का ते पाहतात. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमुळे हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही आणि विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, हे मालकांना तेव्हाच सांगितले होते. नवा संगणक घेताना एसएसडी किमान ५०० जीबीची घ्यायची, हे त्यांनी पावतीपुस्तकाच्या मागे लिहून ठेवले.